मर्यादा सत्तर

वाचनालयाच्या पायऱ्यांपासून साठ फूट.
टेपचं एक टोक मीच धरलं होतं, दुसरं
गवत कापणाऱ्या डेझमंडच्या हातात.
फुटबॉलच्या मैदानावर आखतात तशी
चुन्याची रेघ आखली,
आणि कुलसचिवांच्या कचेरीतून पाटी आली :
भाषण रेघेच्या आत. बाहेर नाही.

ऑर्विल ट्रॅस्क दर मंगळवारी यायचा,
सलाइनाहून, दार दोरीने बांधलेल्या पिकअपमधून.
दुधाचा निळा क्रेट उपडा घालायचा
आणि वर चढण्याआधी बूट पुसायचा.
कशाला पुसायचा, त्याचा प्रभू जाणे.
क्रेटच तो.

मग सुरू.
पश्चात्ताप करा! तुमची बिअर, तुमचे बिछाने, तुमचे प्राध्यापक!
नरकाबद्दल असं बोलायचा
जणू कालच तिथलं भाडं चुकतं करून आलाय.
पोरं जमायची. हसायची, शिव्या द्यायची.
एक जण तर ट्रॉम्बोन घेऊन यायचा
आणि दर आमेनला एक लांब रेडा हंबरवायचा.

एका मुलीला तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.
ती रडली नाही. उरलेलं सँडविच
तिने कागदात नीट गुंडाळलं, चारी कडा दुमडून,
आणि उठून गेली.
मला तो माणूस आवडत नव्हता.
हे आधीच सांगून ठेवते,
नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, ही त्याच्यातलीच.

एकदा थर्मासमधून कॉफी ओतता ओतता म्हणाला,
तुझा बाप काय करायचा गं?
गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, मी म्हटलं.
मग तुला ठाऊक असेल,
हळू आवाजात एक वासरूही खपत नाही.

ऑक्टोबरात नवा नियम आला. सत्तर डेसिबल.
दाढीच्या मशीनएवढं यंत्र माझ्या हाती दिलं.
त्याच्या टोकावर स्पंजचा गोळा असायला हवा होता,
वारा अडवायला.
तो आधीच्या शिफ्टने कुठेतरी हरवला होता.

चौऱ्याहत्तर.
मिस्टर ट्रॅस्क, आवाज खाली.
आणि तो चक्क थांबला.
पानात बोट ठेवून बायबल मिटलं, तोंड मिटलं.
ट्रॉम्बोनवाल्यानेही ट्रॉम्बोन खाली घेतला.

त्र्याहत्तर.

कापलेल्या ज्वारीच्या रानांवरून,
धान्याच्या कोठारांवरून, मधे एक टेकडी नाही की काही नाही,
कॅन्ससचा वारा थेट माझ्या मुठीत येत होता.
ट्रॅस्क वाकला, आकडा पाहिला.
आता बेड्या कुणाला घालतेस?
पोरं हसली. पहिल्यांदाच त्याला नाही,
त्याच्याबरोबर.

वर तिसऱ्या मजल्यावर खिडकीत डीन उभे होते.
फोन कानाला. पडदा अर्धा.

मी अर्जावर चौऱ्याहत्तर लिहिलं.
खालच्या रकान्यात, आवाजाचा स्रोत : इसम.
तो म्हणाला, जरा बेताने, डावा खांदा निखळतो.
मनगटं पोराच्या मनगटांएवढी.
मलमाचा वास येत होता, बाबांच्या अंगाला यायचा तोच.

कोर्टात विचारलं, आकडा खरा?
म्हटलं, खरा.
खराच होता.
किती त्याचा आणि किती रानाचा
हे कुणी विचारलं नाही,
आणि न विचारलेलं सांगायची
आमच्या खात्यात पद्धत नाही.

क्रेट अजून पुराव्यांच्या खोलीत आहे. चिठ्ठी लावलेला.
वर बुटाच्या पालिशचा डाग.

एप्रिलमध्ये चुना पावसाने धुतला,
पण जिथे रेघ होती तिथेच गवत
बाकीच्यापेक्षा गडद उगवलंय, साठ फुटांवर, सरळ.
डेझमंड मशीन बंद करून विचारत होता,
कापू, की पुन्हा आखायचीय?
मी म्हटलं, विचारून सांगते.
अजून विचारलेलं नाही.